नोकरी सांभाळून दुकान : वहीत न चढणारा तोटा

आमच्या नगर जिल्ह्यात (२०२४ पासून सरकारी नाव अहिल्यानगर) गेल्या काही वर्षांत व्यापाऱ्यांचा एक नवा वर्ग तयार झाला आहे. हा दिवसा नोकर असतो आणि संध्याकाळी मालक. कोणी नागापूरच्या किंवा सुप्याच्या एमआयडीसीत पाळी करून आल्यावर मुकुंदनगरात ड्रेस मटेरियलचे दुकान उघडतो. कोणी साखर कारखान्यात कामाला असतो आणि घराच्या पुढच्या खोलीत चादरी-टॉवेल मांडतो. कोणी दुसऱ्याच्या दुकानात दिवसभर शिवणकाम करून रात्री स्वतःच्या मशीनवर बसतो. यात नावे ठेवण्यासारखे काहीही नाही. ठेकेदाराकडची नोकरी आज आहे, उद्या नाही. २०२० सालच्या टाळेबंदीत ज्यांचे काम गेले त्यांनी हे चांगलेच अनुभवले. मेहनत करून दुसरी रोजी शोधणाऱ्याला आम्ही तरी दाद देऊ.

कापडाच्या धंद्यात असल्यामुळे असे तरुण आमच्याकडे माल घ्यायला येतात आणि सल्लाही विचारतात. पहिला प्रश्न ठरलेला असतो : "चाचा, भांडवल किती लागेल?" दिवसाचे किती तास लागतील, हे मात्र कोणी विचारत नाही. आमचे मत असे की नोकरदाराच्या दुकानाला भांडवलाची चणचण फारशी नसतेच. पगारातून, भिशीतून, सासऱ्याकडून पैसा उभा राहतो. अडचण वेगळी आहे. त्याच्या दुकानाचा तोटा त्याला दिसत नाही. पैशाचा तोटा पगार झाकतो आणि वेळेचा तोटा घर झाकते. दोन्ही बाजूंनी झाकलेला तोटा दोन-तीन वर्षे आत आत वाढत राहतो आणि मग एकदम बाहेर येतो.

पैशाची बाजू आधी घेऊ. समजा, एका दुकानाची महिन्याची विक्री ६०,००० रुपये आहे आणि सर्व माल धरून सरासरी २० टक्के सुटतात. म्हणजे हाती आले १२,०००. भाडे ६,०००, वीज १,२००, आणि मालक पाळीवर असताना बसायला ठेवलेल्या पोराचे ८,०००. खर्च झाला १५,२००. दर महिन्याला ३,२०० रुपयांचा खड्डा. पूर्णवेळ दुकानदाराला हा खड्डा दुसऱ्या महिन्यातच टोचतो, कारण त्याच्या घरी पीठ संपते. नोकरदाराच्या घरी पीठ पगारातून येते. तो भाडे पगारातून भरतो, गल्ल्यातला पैसा नव्या मालात घालतो, आणि कपाट भरलेले पाहून म्हणतो, "धंदा वाढतोय." वाढतोय तो न खपलेला माल.

यावर उपाय सोपा आहे, पण कोणी करीत नाही. पगारातून दुकानात जाणारा प्रत्येक रुपया दुकानाच्या वहीत घराची उसनवारी म्हणून लिहावा. तारीख घालून लिहावा. सहा महिन्यांनी ती रक्कम किती झाली आणि दुकानाने त्यातली किती परत केली, हे पाहावे. आमचे शिक्षण उर्दू माध्यमाचे, पहाडेही उर्दूतच पाठ केले, आणि आमच्या जुन्या वह्या आजही उर्दूत आहेत. भाषा कोणतीही चालेल, मोबाईलवर लिहिले तरी चालेल, पण घराचा खिसा आणि दुकानाचा गल्ला वेगळा राहिला पाहिजे. जे बांधव दरवर्षी जकात काढताना दुकानातला माल मोजून बाजारभावाने किंमत लावतात आणि देणी वजा करतात, त्यांच्याकडे वर्षाचा खरा ताळेबंद आपोआप तयार असतो. नोकरी करणारे पुष्कळसे दुकानदार "अंदाजे इतका असेल" म्हणून मोकळे होतात. अंदाजाने जकातही नीट निघत नाही आणि धंद्याची तब्येतही कळत नाही.

आता वेळेची बाजू, आणि आमच्या मते हीच जास्त गंभीर आहे. मालक आठ तासांची पाळी आणि जाण्यायेण्याचे दोन तास बाहेर असताना दुकान कोण चालवते? पोरगा ठेवला तर वरचा खड्डा पडतो. म्हणून बायको बसते. सकाळी मुलांचे डबे, मग दुकान, मध्ये स्वयंपाक, दुपारी पुन्हा दुकान. बायकांचे कापड विकायला बाई असलेली गिऱ्हाईकालाही बरी वाटते, त्यामुळे विक्री वाढतेही. रोजचे पाच तास धरले तरी महिन्याच्या २६ दिवसांत १३० तास झाले. हे तास कोणत्याही वहीत नाहीत.

नगर आणि संगमनेर ही विड्यांची गावे. पिढ्यान्पिढ्या इथल्या बायका घरी बसून विड्या वळत आल्या. त्या कामाची मजुरी किती तुटपुंजी आहे आणि त्यासाठी किती मोर्चे निघाले, हे नगरकरांना सांगायला नको. पण एक गोष्ट पाहा. विडी वळणाऱ्या बाईचे काम हजाराच्या हिशेबाने मोजले जाते, आणि १९६६ सालच्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी काम करणाऱ्या बाईलाही कामगार मानले. दुकानात बसणाऱ्या बायकोचे काम मोजायला हजारही नाही आणि कायदाही नाही. "ती घरचीच आहे" एवढ्यावर विषय संपतो. विडीपेक्षा कापडाचा धंदा इभ्रतीचा, असे आपण मानतो. निदान या एका बाबतीत तरी विडीचा कारखानदार आपल्यापेक्षा पुढे आहे!

आपल्या शरीअतमध्ये बाईची कमाई तिची स्वतःची असते. घरखर्चाची जबाबदारी नवऱ्यावर आहे, तिच्यावर नाही. मग दुकानात ती जे काम करते ते काय आहे? मजुरी आहे काय? तर मजुरी ठरवा. भागीदारी आहे काय? तर हिस्सा ठरवा. ती राजीखुशीने मदत करीत असेल तर तेही तिने स्वतः म्हटले पाहिजे, आपण गृहीत धरता कामा नये. ज्या घरी हे ठरलेले असते तिथे दुकान जास्त नीट चालते, असा आमचा बाजारातला अनुभव आहे. कारण उधारी कोणाला द्यायची आणि कोणाला नाही, हे तीच ठरवते आणि वसूलही तीच करते. जिथे ठरलेले नसते तिथे एक दिवस ती दमते, आजारी पडते किंवा माहेरी जाते, आणि शटर खाली येते. मग नवरा म्हणतो, बायकोमुळे धंदा बुडाला. खरे तर इतके दिवस धंदा तिच्यामुळेच तरंगत होता.

तासांचा दुसरा पेच हंगामाचा आहे. आमचा जिल्हा साखरेचा. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि त्यामागोमाग जिल्हाभर धुराडी उभी राहिली. या कारखान्यांत हंगामी कामगार मोठ्या संख्येने आहेत. दिवाळीच्या पुढेमागे गळीत सुरू होते आणि तीन पाळ्या लागतात. पूर्वी एप्रिल-मेपर्यंत चाललेले गळीत अलीकडे पुष्कळ ठिकाणी मार्चमध्येच आटोपते. मग हंगामी माणूस मोकळा. बिगरहंगामात पगाराचा काही भाग धारणा भत्ता म्हणून मिळतो. अशा माणसाला वाटते की सहा-सात महिने रिकामे आहेत, कापडाचे दुकान टाकू. कागदावर हे बरोबर दिसते. पण कापडाचा हंगाम पाहा. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई लागते आणि मेपर्यंत चालते, म्हणजे तिचा मोठा भाग गळितातच येतो. आषाढ-श्रावणात खेड्यातला पैसा शेतात गेलेला असतो, पितृपंधरवड्यात नवे कापड कोणी घेत नाही. कापड खपते तेव्हा हा कारखान्यात, आणि हा दुकानात बसतो तेव्हा गिऱ्हाईक नाही. एप्रिल-मे हे दोन महिने आणि दसरा-दिवाळी एवढाच त्याचा खरा काळ. त्यातही दिवाळीच्या तोंडावर कारखान्याचे बोलावणे येते.

आणि आपली ईद तर दरवर्षी सरकते. २०२४ साली ईदुल फित्र ११ एप्रिलला होती, २०२५ साली ३१ मार्चला. दरसाल दहा-अकरा दिवस अलीकडे. हळूहळू ती भर गळितात शिरणार, २०३० च्या सुमारास ती फेब्रुवारीच्या सुरुवातीला येईल. म्हणजे ईदचा बाजार आणि कारखान्याची पाळी पुढची बरीच वर्षे एकमेकांशी भांडणार. साखर कारखान्यातल्या माणसाने रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांची रजा आतापासून शिलकीत ठेवावी, नाहीतर त्या दिवसांत दुकानात कोण उभे राहील, हे आधी ठरवावे. एमआयडीसीतल्या माणसाला हंगामाचा त्रास नाही, पण पाळी दर आठवड्याला बदलत असेल तर दुकानाची वेळही बदलते. दुकान कधी उघडे असते हे ज्या दुकानाबद्दल सांगता येत नाही, तिथे गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. त्यापेक्षा रोज संध्याकाळी फक्त तीन तास उघडावे, पण तेच तीन तास.

रोजचे दुकानच हवे, असे तरी कोणी सांगितले? आपल्या जिल्ह्यात आठवडी बाजारांची साखळी आहे. काष्टीचा शनिवारचा बाजार जनावरांसाठी प्रसिद्ध, पण जिथे हजारो माणसे जमतात तिथे कापडही खपते. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी ज्या गावचा बाजार असेल ते एकच गाव धरावे आणि सोडू नये. १९७२ साली बाजारात आलेली लुना आपल्या नगरच्याच कारखान्यात बनत असे. तिच्यावर मागे गठ्ठा बांधून खेडोपाडी जाणारे किती तरी फेरीवाले आम्ही पाहिले, आणि त्यांतले काही पुढे पक्क्या दुकानात गेले. भाडे नाही, पोरगा नाही, वीज नाही. आठवड्याचे सहा दिवस घर घरासारखे राहते.

मालाची निवडही वेळेशी बांधलेली आहे. ड्रेस मटेरियल आणि फॅन्सी साडी हा दुधासारखा माल आहे, सहा महिन्यांत नासतो. त्याच्या मागे सतत फिरावे लागते, नवे डिझाइन पाहावे लागते, जुने घाट्यात काढावे लागते. हे ज्याला वेळ आहे त्याचे काम. नोकरदाराने अस्तर, फॉल, परकराचे कापड, लुंगी, टॉवेल, चादर असा माल धरावा. त्यात नफा कमी असतो, पण त्याची फॅशन जात नाही. दोन वर्षे कपाटात राहिला तरी त्याच भावाने, कधी चढ्या भावानेही जातो. खरेदीसाठी मालेगाव, सोलापूर, भिवंडी किंवा सुरतला जायचे म्हणजे रात्रीचा प्रवास आणि एक रजा. म्हणून आता मोबाईलवर फोटो पाहून माल मागवण्याची चाल पडली आहे. फोटोत रंग दिसतो. पोत, पन्ना आणि वजन दिसत नाही. पहिली खरेदी हात लावूनच करावी, आणि ज्या पेढीचा माल दोनदा बरोबर आला तिच्याकडूनच पुढे फोटोवर घ्यावा. "एक ना धड, भाराभर चिंध्या" ही म्हण बहुधा कापडवाल्यानेच केली असावी.

कायद्याचे थोडक्यात सांगतो, कारण यात लोक फसतात. सरकारी नोकराला शासनाच्या पूर्वपरवानगीशिवाय व्यापार करता येत नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ मध्ये ते स्पष्ट आहे, आणि घरातील कोणी व्यापार करीत असल्यास तसे कळविण्याचीही तरतूद आहे. खाजगी नोकरीत नेमणूकपत्र काढून वाचावे. "अन्य व्यवसाय करणार नाही" असे कलम पुष्कळ पत्रांत असते आणि सही करताना ते कोणी वाचलेले नसते. दुकान बायकोच्या नावावर करणे हा जो सर्रास उपाय आहे, त्याबद्दल आमचे म्हणणे असे की नावावर केले तर खरोखर तिचे करावे. बँकेतले खाते तिच्या हाती, सही तिची, नफा तिचा. नुसते नाव तिचे आणि गल्ला आपला, यात नोकरीही धोक्यात येते आणि अमानतही राहत नाही.

भागीदारीचा मार्ग आपल्याकडे फार जुना आहे आणि फार कमी वापरला जातो. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरलेल्या प्रमाणात, आणि मेहनत करणाऱ्याचा कसूर नसेल तर भांडवलाचा तोटा भांडवलवाल्याचा. याला मुदारबत म्हणतात. नोकरदाराकडे पैसा आहे, तास नाहीत. त्याच्या बेकार पुतण्याकडे तास आहेत, पैसा नाही. व्याजाचा प्रश्नही येत नाही. फक्त हे तोंडी ठेवू नये. लेनदेन लिहून ठेवण्याची ताकीद कुरआनातच आहे. आणि दोघे मिळून रीतसर भागीदारी पेढी काढली तर १९३२ सालच्या भागीदारी कायद्याप्रमाणे तिची नोंदणीही करावी. नोंदणी सक्तीची नाही, पण नोंदणी नसलेल्या पेढीला येणे वसूल करण्यासाठी दावा लावता येत नाही.

हजरत उमर (रजि.) मदिनेच्या वरच्या भागात राहत असताना त्यांनी एका अन्सारी शेजाऱ्याशी पाळी ठरवली होती. एक दिवस हे प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या सेवेत हजर राहत, एक दिवस शेजारी, आणि जो जाऊन येई तो त्या दिवशीच्या गोष्टी दुसऱ्याला सांगत असे. कामही होई आणि इल्मही चुकत नसे. एमआयडीसीत वेगवेगळ्या पाळ्यांत काम करणारे दोन मित्र एकच दुकान याच पद्धतीने चालवू शकतात. हजरत अबूबकर (रजि.) तर आमच्याच धंद्यातले, कापडाचे व्यापारी. इ.स. ६३२ मध्ये खलिफा झाल्यावरही ते कापड घेऊन बाजाराकडे निघाले होते. साथीदारांनी त्यांना थांबवले, आणि घरखर्चापुरते वेतन बैतुलमालमधून ठरवून दिले. काही कामे अशी असतात की त्यांच्या जोडीला दुकान चालत नाही. रात्रपाळीचा ड्रायव्हर, दवाखान्यातला परिचारक, मशीनवर हात घालणारा कामगार यांनी झोप विकून दुकान चालवू नये. त्यांची डुलकी दुसऱ्याच्या जिवावर बेतते.

दर्जी आणि कारागीर बांधवांचा पेच थोडा निराळा आहे. दिवसा दुसऱ्याच्या दुकानात आठ-दहा तास मशीन, रात्री घरी स्वतःच्या ऑर्डरी. इथे माल पडून राहण्याची भीती नाही, वायदा मोडण्याची आहे. रमजान सुरू होताच "हो, हो, ईदच्या आधी देतो" म्हणून कापड घेतले जाते, आणि चाँदरातीला दारात बायकामुले उभी असतात. एका रात्रीत किती कुर्ते निघतात हे ज्याचे त्याला ठाऊक असते. त्याला उरलेल्या रात्रींनी गुणावे, त्यातून तरावीहचे आणि झोपेचे तास वजा करावेत, आणि तो आकडा भरला की दारावर "ऑर्डर बंद" अशी पाटी लावावी. पाटीमुळे गिऱ्हाईक तुटत नाही. पुढच्या वर्षी ते शाबानमध्येच कापड घेऊन येते.

शेवटी नोकरी सोडायची केव्हा, हा प्रश्न येतोच. आमच्या मते दुकानाने दोन आषाढ-श्रावण पगाराच्या मदतीशिवाय काढले, घराची उसनवारी फेडली आणि बसणाऱ्याची मजुरी दिली, तर विचार करावा. त्याआधी नाही. आणि राजीनामा लिहिण्यापूर्वी सेवेची वर्षे मोजावीत. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षे लागतात, भविष्य निधीच्या पेन्शनसाठी दहा. साडेचार वर्षे झाली असतील तर सहा महिने कळ काढावी. राज्य विमा योजनेचे कार्ड असेल तर नोकरी सुटल्यावर आईवडिलांच्या औषधाचा खर्च महिन्याला किती पडेल, हे औषधाच्या दुकानातील गेल्या वर्षभराची बिले किंवा दवाखान्याचे कागद काढून पाहावे, आणि तो आकडा दुकानाच्या खर्चात भाड्याच्या खाली लिहावा. पुष्कळ दुकाने त्या एका ओळीनंतर पुन्हा तोट्यात दिसू लागतात.